शून्य युनिटचा उन्हाळा

अन्याय झाला तो माझ्या कुसुमआत्यावर. होळीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी, भर दुपारी, विजेच्या कचेरीचा एक माणूस जुन्या पनवेलमधल्या तिच्या घरासमोर आला. जाळीच्या दाराला कुलूप होतं. मीटर जाळीच्या आत, ओट्यावरच्या भिंतीला. त्याने कुलपाकडे पाहिलं, 'दार बंद' अशी नोंद केली आणि तो पुढच्या घराकडे गेला. शेजारच्या रुकय्याभाभी खिडकीत मिरच्या निवडत बसल्या होत्या, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या महिन्याचं बिल आलं एकसष्ट युनिटचं. त्या घरात गणपतीनंतर माणूस राहत नव्हता.

मी तेव्हा तरुणांच्या एका संघटनेत होते. तिथे पत्रक लिहायला शिकवायचे तेव्हा सांगायचे, पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी, ते आलंच पाहिजे, हळहळ नंतर. म्हणून तसं लिहिलं. आता हळहळीकडे वळते.

मार्च आला की अजूनही हे सगळं आठवतं. हल्ली मी नव्या पनवेलात राहते. आमच्या इमारतीत बंद फ्लॅट पुष्कळ. कुणी विकायला काढून ठेवलाय, कुणी भाव वाढायची वाट बघतंय, कुणाचे आईबाप गेलेत आणि भावंडांचं एकमत होत नाहीये. परवा जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या जाळीत अडकवलेली बिलं दिसली. खालचं पिवळं पडलेलं, त्यावर कमी पिवळं, सगळ्यात वर पांढरंधोप. बंद घरांची वयं अशीच मोजता येतात. मी थांबले, वरचं बिल काढलं आणि आधी आकडा वाचला. नाव नंतर. ही सवय मला त्या उन्हाळ्याने लावली.

तो उन्हाळा भारनियमनाचा होता. पनवेलमध्ये तेव्हा दिवस विजेच्या वेळापत्रकावर चालायचा. वेळापत्रक पेपरात यायचं आणि पाळलं जायचं नाही, म्हणजे अंधारसुद्धा वेळेवर येत नसे. दुपारी पंखा थांबला की आळीतल्या सगळ्या घरांतून एकच सुस्कारा बाहेर पडायचा. मग माणसं ओट्यावर येत. पुठ्ठ्यांचे वारे. वडाळे तळ्याच्या बाजूने येणारा शेवाळाचा वास. सकाळी कर्नाळ्याकडच्या बायका करवंदं घेऊन बसलेल्या असत, आणि मे जवळ आला की करंजाकडून सुकी मासळी यायला लागे. पावसाची बेगमी करायच्या त्या दिवसांत अख्ख्या बाजाराला सुकटीचा वास सुटायचा, एसटी स्टँडपर्यंत. परगावचे लोक नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला त्या वासाने भूक लागायची.

आत्या त्या वासात वाढलेली. तिचं माहेर म्हणजे आमचं घर, आणि सासर उरणकडचं, दोन्हीकडे मिठागरं. काका, म्हणजे तिचे यजमान, मिठागरावर मुकादम होते. ऊन जितकं कडक तितकं मीठ चांगलं, म्हणून सगळं जग उन्हाळ्याला शिव्या घालायचं तेव्हा ही बाई आकाशाकडे बघून म्हणायची, "तापू दे, अजून तापू दे." पुढे मिठागरं बुजवली गेली. काका पनवेलला आले, आळीत ते छोटं घर घेतलं, एकमजली, पुढे जाळीचा ओटा, मागे मोरी आणि नळ. काका गेले. आत्या राहिली.

गणपतीत मोरीत पाय घसरला, खुबा मोडला. तिचा मुलगा सुधीरदादा पुण्याला नोकरीला, तो घेऊन गेला. घर विकायचं ठरलं. इथे लोकांना वाटतं म्हातारी माणसं घराला चिकटून बसतात, रडारड करतात. ही रडली नाही. गाडीत बसताना तिने एकच गोष्ट सांगितली, मी समोर उभी होते:

"विक तू. माझं काय म्हननं नाय. पन विकला जाईपर्यंत दिवेलागनीला दिवा लागला पायजे. अंधार झालेला घर मी कुनाला देनार नाय."

"हो गं आई," दादा म्हणाला.

"हो म्हन नको. लाव."

"लावतो. माणूस सांगतो त्याच्यासाठी."

आमच्याकडची ही रीत आहे. घर रिकामं पडलं तरी संध्याकाळी कुणीतरी जाऊन दिवा लावून यायचं. देवासाठी म्हणून असेल, चोरासाठी म्हणून असेल, मला माहीत नाही. आम्हा संघटनेतल्या पोरांना रीतिभातींचं फार कौतुक नसायचं. पण घर दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर उजेडात द्यायचं, एवढं मला तेव्हाही पटलेलं होतं. पेटता दिवा हातात द्यावा तसं.

दादाने जबाबदाऱ्या वाटल्या. चावी दलालाला दिली आणि बिलं मला दिली. म्हणजे घर त्याच्याकडे आणि घराचे कागद माझ्याकडे. विजेचं बिल, नळपट्टी, घरपट्टी आणि टेलिफोन.

टेलिफोनचं काय करायचं हे विचारायला मी पुण्याला फोन केला. बंद घरात फोन कशाला, तोडून टाकू, असं दादाचं म्हणणं. आत्याने मागून ओरडून सांगितलं, "फोनला हात लावू नको!" का, ते मला दोन महिन्यांनी रुकय्याभाभींकडून कळलं. त्यांच्या आणि आत्याच्या घराची मधली भिंत एकच.

"बेटा, तुझ्या आत्याच्या घरात दुपारी फोन वाजतो."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? तिचाच. पुण्याहून. वाजत राहतो, वाजत राहतो, मग बंद. पहिल्यांदा मला वाटलं राँग नंबर. मग मीच तिला फोन करून विचारलं, कुसुम, वेडी झालीस का गो, स्वतःच्याच घरात फोन लावतेस, उचलणार कोण? तर म्हणते, कुनी नाय उचलनार. वाजतो ना? मग झाला."

रिकाम्या घरात वाजणारा फोन मी कधी ऐकला नाही. पण दुपारी भारनियमनात आळी गप्प पडलेली असताना तो भाभींना भिंतीतून ऐकू येत असे आणि त्या तेवढ्यापुरतं हातातलं काम थांबवत असत. टेलिफोनचं बिल मी निमूट भरत राहिले. त्यावर माझी काही तक्रार नव्हती. त्या बिलात जे लिहिलेलं होतं ते खरं होतं.

विजेच्या बिलाचं तसं नव्हतं. आत्या दर महिन्याला फोनवर विचारायची, "किती जळला?" मी सांगायची, एकसष्ट. पुढच्या महिन्यात एकसष्ट. त्याच्या पुढच्या महिन्यात एकसष्ट. ती खूश व्हायची.

"एका दिव्याला एवढे कसे गं?" ती एकदा म्हणाली.

"मला काय माहीत."

"दिवा लावायला येनारा बसत असंल जरा वाऱ्याला. पंखा लावून. बसू दे. घराला मानूस लागतो."

मला हसू आलं होतं. नंतर आलं नाही. कारण माणसाचा वापर दोन महिने सारखा येतो का? थंडीत पंखा लागत नाही, मार्चमध्ये लागतो. एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट हा माणसाचा आकडा नाही, हा यंत्राचा आकडा आहे. मी चौकशी केली आणि कळलं ते असं. मीटर वाचता आलं नाही की यंत्र जुन्या महिन्यांची सरासरी काढतं आणि तेवढं बिल पाठवतं. म्हणजे आत्या तिथे राहत असतानाचे महिने घेऊन ते पुढे ओढत होतं. विजेच्या कचेरीच्या लेखी आत्या अजून त्याच घरात होती. सकाळी मिक्सरवर खोबरं वाटत होती. दुपारी पंख्याखाली आडवी होत होती. संध्याकाळी मालिका बघत होती. दिवे मालवून साडेदहाला झोपत होती. खुबा मोडलेली बाई पुण्यात पलंगावर, आणि तिचा सगळा दिनक्रम पनवेलमध्ये बिनचूक चालू.

हे कुणालातरी काव्यात्म वाटेल. मला तेव्हा लूट वाटली. आजही वाटते.

मी कचेरीत गेले. रांग बाहेरपर्यंत, आणि आत वीज नव्हती. विजेच्या कचेरीतच भारनियमन. खिडकीमागचे साहेब बिलांच्याच एका गठ्ठ्याने वारा घेत होते. माझ्यापुढचे आजोबा म्हणाले, "साहेब, तुमचं पण बिल थकलं काय?" रांग हसली. साहेबही हसले, पण वारा घ्यायचे थांबले नाहीत.

माझा नंबर आला.

"घर बंद आहे आणि बिल चालू घराचं येतंय."

"मॅडम, रीडिंग मिळत नाही ना. दार बंद."

"घर बंद आहे तर दार बंदच असणार."

"मग मीटर बाहेर घ्या."

"घर विकायला काढलंय. दोन महिन्यांसाठी मीटर बाहेर घेऊ?"

"मग दार उघडं ठेवा."

"रिकाम्या घराचं?"

"मग बिल भरा."

एवढं सुबक वर्तुळ मी आमच्या एकाही पत्रकात काढू शकले नव्हते. मी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला, पोच घेतली, आणि वाचनाचा दिवस ठरवून मागितला. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "दार उघडून बसा मग, पाठवतो माणूस. पण बसा हां खरंच. लोक तक्रार करतात आणि बसत नाहीत."

चावीसाठी दलालाकडे गेले. स्टँडच्या मागे त्याचं दुकान, खाली झेरॉक्स आणि वर चार खुर्च्या. त्याच्या खुर्चीमागे लाकडी फळीवर खिळे आणि खिळ्यांना चाव्या. प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नाव. विमानतळ येणार, विमानतळ येणार, असं तेव्हा सगळे म्हणत होते. जो तो विकत होता किंवा विकण्यासाठी थांबला होता. त्या एका फळीवर अर्धी आळी टांगलेली होती. आत्याच्या नावाचा पुठ्ठा शोधायला त्याला वेळ लागला, कारण तिच्या चावीवर आणखी दोघांच्या चाव्या चढलेल्या होत्या.

मी चावी हातात घेतली आणि मला कळलं.

"रोज संध्याकाळी दिवा लावायला कोण जातं?" मी विचारलं.

"कुठला दिवा, ताई?"

"दादाने सांगितलं होतं ना तुम्हाला?"

त्याने आठवून बघितलं, प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "हां हां, बोलले होते साहेब. मी म्हटलं, बघतो. आता ताई, एवढी घरं आहेत, रोज कोण उघडतंय? गिऱ्हाईक आलं की उघडतो."

तो 'बघतो' म्हणाला होता. दादाने ते पुण्याला नेलं आणि आईला 'लागतो' म्हणून सांगितलं. मध्ये कुणी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. 'हो' एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पाझरत गेला, एवढंच. पण आत्याच्या घरात अंधार झाला होता आणि तिला ते माहीत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा आतून उष्ण, कोंदट हवा अंगावर आली. मोरीत नळाच्या तोटीखाली गंजाची लांब तपकिरी रेघ. फळीवर मिठाची बरणी, त्यातलं मीठ पावसाळ्यात पाझरून आता दगड झालेलं. खिडकीच्या फटीतून पडलेला उन्हाचा एकच पट्टा जमिनीवर, आणि त्यात धूळ. ओट्यावर मीटर. त्याच्या शेजारी मेन स्विच खाली पाडलेला, त्यावर कोळ्याचं जाळं. गणपतीनंतर निघताना दादाने काळजीने पाडला होता, शॉर्टसर्किट नको म्हणून. तो पाडलेला असताना दिवा लागणं शक्यच नव्हतं. मी स्विच वर केला नाही. वाचन होऊ दे, म्हटलं. पुरावा हलवायचा नसतो.

माणूस आला, पांढऱ्या टोपीवर घामाचे डाग. त्याने मीटरवर तोंडाने फुंकर मारली, आकडा वाचला, आत्या निघाली त्या दिवशीच्या, शेवटच्या खऱ्या वाचनाशी ताडला आणि माझ्याकडे बघितलं.

"काहीच नाही जळलं."

"तेच तर सांगत होते."

"एकही नाही," तो पुन्हा म्हणाला. त्याला त्याचं नवल वाटलं असावं. बंद घरातसुद्धा एखादा फ्रीज, एखादी घंटा काहीतरी खातच राहते.

पुढचं बिल दुरुस्त होऊन आलं. वापर शून्य. जास्तीचे पैसे जमा. साहेबांनी शब्द पाळला होता. मी ते बिल संघटनेच्या कार्यालयात भिंतीला लावलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अशी बिलं आणखी किती घरांना येत असतील, यावर पत्रक काढायचं ठरलं, आणि ते काढलंही.

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"किती जळला गं बाय?"

मी आकडे लपवणाऱ्यांच्या विरुद्ध घोषणा देत फिरणारी मुलगी. काय सांगणार होते?

"शून्य, आत्या."

"म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. सरासरी, यंत्र, दार बंद, अर्ज. ती ऐकत होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं झालं, पैसे वाचले. तिने विचारलं, "म्हंजे गनपतीपासून कुनी दिवा लावलाच नाय?"

"नाही."

"आनि पंखा?"

"नाही, आत्या. कुणी येत नव्हतं."

फोनमध्ये पुण्याच्या घरातल्या मालिकेचा आवाज येत होता. मग फोन ठेवल्याचा.

दुसऱ्या दिवशी दादाचा आला. "तुला गरज काय होती शुभा? थोडे पैसे जास्त गेले असते, काय बिघडलं असतं?"

"आकडा खोटा होता."

"अगं, त्या खोट्या आकड्यावर आई झोपत होती! काल रात्रीपासून जेवली नाही. म्हणते, सही करणार नाही. गिऱ्हाईक ठरलंय, मे महिन्यात नोंदणी आहे, माझं इथलं कर्ज त्यावर आहे. आता काय करू सांग."

"दिवा लाव."

"पुण्याहून?"

"मग 'लागतो' म्हणालास कुठून?"

 दादा दुष्ट नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. थकलेला होता. थकलेली माणसं जिथे तिथे 'हो' म्हणतात, तेवढंच त्यांना परवडतं. पण ज्याला तो 'हो' ऐकवला त्याच्यासाठी ती थकव्याची गोष्ट नसते. त्याने त्यावर घर उभं केलेलं असतं.

मी या प्रश्नाशी खूप वर्षं झटापट केली आहे. संघटनेत कुणी म्हणालंही, काही खोटं असतं ते राहू द्यावं, म्हाताऱ्या माणसांना सुख मिळतं. मला हे मान्य नाही. यंत्राचा खोटा आकडा आणि मुलाचा खोटा होकार, दोन्ही एकमेकांना टेकून उभे होते. एक काढला तर दुसरा पडणारच. पडला ते चांगलं झालं. आत्याला सुख देणारा आकडा तिच्याकडून रोज काहीतरी नेत होता, आणि ते बिलात कुठे दिसत नव्हतं. तिचं घर अंधारात जात होतं, आणि तिला ते थांबवण्याची संधीही मिळत नव्हती.

चावी मी दलालाला परत दिली नाही. रोज संध्याकाळी कार्यालयातून निघाले की आळीत जायचं, कुलूप काढायचं, ओट्यावरचा दिवा लावायचा. मेन स्विच वर केला तेव्हा मीटरमधली चकती पहिल्यांदा हलली. तेव्हा ते चकतीवालं मीटर होतं, कडेला लाल खूण असलेलं. एका दिव्यावर ती इतकी सावकाश फिरते की खूण समोर यायची वाट बघत बसावं लागतं. मी बसायचे. चिमण्या गप्प होत, मशिदीतून मगरिबची अजान येई, तळ्यावरून वटवाघळं निघत आणि लाल खूण कधीतरी समोर येऊन निघून जाई.

दुसऱ्याच दिवशी रुकय्याभाभी जाळीशी आल्या.

"इतके दिवस चावी त्या दलालाकडे होती?"

"हो."

"भिंतीपलीकडे मी बसलेय. चाळीस वर्षं. आणि चावी स्टँडमागे." त्यांनी पदर कपाळावर ओढला. "मला सांगितलं असतं तर मी लावला नसता?"

 सुचलं नाही, एवढंच खरं उत्तर. आपण घराची चावी देताना दलाल आठवतो, वकील आठवतो, शेजार आठवत नाही.

मग वेळापत्रक बदललं आणि दिवेलागणीचीच वीज जायला लागली. बटण दाबलेलं आणि ओटा काळोखात. भाभींनी त्यांचा कंदील आणून जाळीला टांगला. काचेला काजळी होती, काच त्यांनी घरात जाऊन पुसून आणली. आत्याला मी तिथूनच, तिच्याच घरातल्या फोनवरून सांगितलं.

"तो बिलात येईल?" तिने लगेच विचारलं.

"कंदील कसा येईल?"

"मंग मला कसा कलनार?"

"मी सांगते ना तुला."

"तसा सुधीरपन सांगायचा."

लागलं मला. लागायलाच हवं होतं. ती म्हणाली, "रुकय्याला दे."

भाभींनी फोन घेतला. "बोल गो. हां, लागलाय. तुझ्या जाळीलाच टांगलाय, माझ्या डोळ्यांसमोर. अल्लाशप्पथ. अगं, काच पण पुसली, तुझ्यासारखी काळी नाही ठेवली मी. तू कधी पुसायचीस का गो काच? ... हो, हो, आली मोठी." आणि मग हसणं. भाभींचं इथे, आत्याचं तिथे, फोनमधून बारीक झालेलं. गणपतीनंतर मी तिला हसताना पहिल्यांदा ऐकत होते.

पुढचं बिल आलं. मी फोन केला, तिने विचारायच्या आधी.

"चार युनिट."

"चार," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाकीचे कंदिलाचे."

तिने सही करायचं कबूल केलं, अट तीच. घेणारा बिल्डर होता, घर पाडून इमारत बांधणार होता. त्याचीही अट होती: ताबा देताना वीज कायमची तोडलेली पाहिजे, शेवटचं बिल भरलेलं पाहिजे. मी शेवटचं बिल भरलं, अर्ज दिला. कचेरीतून सांगितलं, मे अखेरीला अमुक दिवशी वायरमन येईल. कधी? पाचला. दिवेलागणीआधी त्याची ड्युटी संपते.

त्या दिवशी पुण्याहून गाडी आली. आत्या वॉकर घेऊन उतरली. आळीतली माणसं ओट्यांवर आली होती. ती कुठे थांबली नाही. जाळीतून आत आली, भिंतीला हात लावला, मोरीकडे बघून म्हणाली, "हिनेच पाडला मला," आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसली. भाभींनी सरबत आणलं. ते दोघींनी एका ग्लासातून प्यायल्यासारखं अर्धं अर्धं प्यायलं. दादा बिल्डरच्या माणसाशी दाराबाहेर उभा. सगळी आळी उन्हाने पांढरी.

वायरमन आला. शिडी, पक्कड. आत्या त्याला म्हणाली, "बाबा, दिवेलागनीला ये ना."

"आजी, मला अजून दोन ठिकाणी जायचंय. पाचची वेळ होती."

दादा पुढे आला, "आई, आता राहू दे ना गं." बिल्डरचा माणूस घड्याळ बघत होता. मी वायरमनशी भांडायला तोंड उघडलं. नियम, ग्राहकाचा हक्क, सगळं जिभेवर होतं.

आत्याने हाताने मला थांबवलं. तिने आकाशाकडे बघितलं. सूर्य माडांच्या वर होता, रस्त्यावर डोळे उघडवत नव्हते.

"बरा तर," ती म्हणाली. "आजची दिवेलागन पाचला. सुधीर, लाव."

 दादा ओट्यावर आला, बटण दाबलं. बल्ब लागला असावा. खरं सांगायचं तर त्या उन्हात काही कळलं नाही. आत्याने मीटरकडे बोट दाखवलं, तेव्हा सगळ्यांनी मीटरकडे बघितलं. चकती फिरत होती. दादा तिच्याजवळ वाकून लाल खूण समोर यायची वाट बघत उभा राहिला. वायरमनसुद्धा शिडीवर एक पाय ठेवून थांबला. दादाच्या पाठीवरचा शर्ट घामाने ओला झालेला होता आणि खांदे हलत होते. आत्याने त्याच्याकडे बघितलं नाही. फक्त वॉकरवरचा हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला.

खूण येऊन गेली.

"आता तोड," ती वायरमनला म्हणाली.

आज तिथे सात मजली इमारत आहे. खाली मीटरचा मोठा बोर्ड, आकड्यांच्या काचा, चकत्या गेल्या. भारनियमनही गेलं. आत्या पुढच्या थंडीत गेली, पुण्यालाच. त्या घरातून बाहेर पडल्याचं दुःख करताना मी तिला कधी ऐकलं नाही. दादा अधूनमधून फोन करतो आणि 'बघतो' हा शब्द वापरत नाही. एक तर 'करतो' म्हणतो, नाहीतर 'होणार नाही' म्हणतो. भांडण होतं तेव्हाही मला तो त्यामुळे आवडतो.

बंद घरांचे खोटे आकडे अजून निघतात. त्यावर भांडा, अर्ज करा, दार उघडून दिवसभर बसा. ते मी सांगायला नको, तो तुमचा हक्क आहे. पण त्याआधीचं काम कचेरीत होत नाही. कुणाचं तरी घर, जमीन, औषध, वाट बघणं तुमच्या एका 'हो'वर सोडलेलं आहे. तुम्हाला माहीत आहे कुणाचं. हे वाचताना ते नाव तुमच्या मनात आलेलं आहे. मासिक खाली ठेवा, त्या माणसाला फोन लावा, आणि जे झालेलं नाही ते 'झालं नाही' असं स्पष्ट सांगा. मग उठा आणि आज संध्याकाळच्या आत जाऊन ते करा.